झोळीचं भय

बारशाला आलेली आत्या पाळण्याशी टेकते आणि बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांच्या बिंदल्या सरकवते. आजोळहून चांदीचे वाळे आलेले असतात. आजी कमरेला साखळी अडकवते, आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात मढवलेलं वाघनख पडतं. मराठी घरांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. घरातलं सर्वांत दुबळं माणूस, ज्याला ओरडून सांगताही येत नाही, त्याच्याच अंगावर घरातले चार डाग उघड्यावर फिरत असत.

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२३ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढची अडीच-तीन वर्षं त्यांनी देशभर प्रवास केला. दागिने घातलेली मुलं त्यांना जागोजागी दिसली. अंगावरच्या दागिन्यांपायी आडबाजूला नेऊन मारल्या जाणाऱ्या मुलांची संख्या भयंकर आहे, असं गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांनी आपल्याला सांगितल्याचं हेबर यांनी लिहून ठेवलं आहे. या भीतीची खूण कायद्यातही उरली. १८६० साली भारतीय दंड विधान मंजूर झालं. मूल पळवण्याची शिक्षा सांगणारं कलम ३६३ त्यात होतंच, पण तेवढ्यावर भागलं नाही. कलम ३६९ वेगळं लिहावं लागलं: दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या अंगावरची चीजवस्तू चोरण्याच्या इराद्याने पळवणं. शिक्षा दोन्हीकडे सारखीच, सात वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी हे कलम गेलं नाही. ते आता ९७ क्रमांकाने उभं आहे.

या कलमाचा एक अर्थ सहज निसटतो. मुलाच्या कमरेला साखळी आहे, ती चांदीची आहे, दुपारी ते मागच्या अंगणात एकटं खेळतं, हे सगळं ठाऊक असायला माणूस जवळचाच लागतो. ओळखीच्या माणसाचं बोट धरलं की मूल निमूट चालू लागतं. पोलीस ठाण्यातली भाषा आजही तीच आहे, ‘फूस लावून पळवून नेले’. फूस लावायला आधी विश्वास लागतो. पण गावाने ज्याची धास्ती घेतली तो माणूस मात्र वेशीबाहेरून आला होता, आणि त्याच्या खांद्याला झोळी होती.

ही झोळी मराठी मुलांच्या कानावर फार लवकर पडते. जेवत नाहीस? थांब, गोसाव्याला बोलावते. रडलास तर बुवा झोळीत घालून नेईल. ज्या आया हे म्हणत, त्याच उठून त्या गोसाव्याच्या झोळीत सुपातलं पीठ घालत. त्याला ‘महाराज’ म्हणत, पोराच्या कपाळाला त्याच्याकडून अंगारा लावून घेत. धाक आणि आदर दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले होते, आणि कितीतरी काळ त्यांचं बरं जमलंही होतं.

तान्ह्या मुलाची राखण तेव्हा वेगळ्याच शत्रूपासून केली जाई. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा व्हायची, दिवा विझू द्यायचा नाही, बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, आळीपाळीने कुणीतरी जागायचं. सटवाई नशीब लिहिते असं म्हणत, आणि तिची पूजा चुकली तर ती मूल नेते असंही म्हणत. आधीची मुलं दगावलेली असली तर नव्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, कचरू, भिकू ठेवायचं. नेणाऱ्याला ते नेण्याजोगं वाटू नये. या रिवाजांना आज कुणी काहीही म्हणो, त्यांतून एक गोष्ट साधत होती. जन्मापासून पहिले दहा-बारा दिवस ते मूल एका अंधाऱ्या खोलीत, चार बायकांच्या नजरेखाली असे. बाहेरच्या माणसाचा हात तिथे पोचणं जवळजवळ अशक्य होतं.

ज्यांना खोलीच नव्हती, त्यांचं काय?

विल्यम स्लीमन हे नाव ठगांच्या बंदोबस्तासाठी सर्वांना माहीत आहे. याच स्लीमनने १८३९ मध्ये आणखी एक अहवाल छापला. दिल्लीचा मुलूख, राजपुताना, अलवर, भरतपूर या भागांत हिंडणाऱ्या ‘मेगपुन्ना’ टोळ्यांबद्दलचा. ठग पैसेवाल्या वाटसरूला गाठत. मेगपुन्ना गाठत ते अगदी फाटक्या माणसांना: दुष्काळाने गाव सोडलेलं जोडपं, कडेवर एक मूल, हाताशी एक. आईबापांना मारायचं आणि मुलं विकायची, असा त्यांचा धंदा असल्याचं अहवाल सांगतो. मुलींना गिऱ्हाईक अधिक मिळे. स्लीमनचे अहवाल माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे आहेत, आणि त्यातलं सगळंच जसंच्या तसं मानायला आजचे इतिहासकार तयार नाहीत. ती शंका रास्त आहे. पण माणसांची खरेदी-विक्री खरी होती. पेशवे दफ्तरात विकत घेतलेल्या कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, नोंदी किमतीसकट आहेत. कंपनी सरकारने गुलामीला कायद्याचा आधार नाकारला तो १८४३ मध्ये, स्लीमनच्या अहवालानंतर चार वर्षांनी. रस्त्यावरच्या उपाशी कुटुंबाचं मूल म्हणजे त्या बाजारात पैसे होते आणि त्याला शोधायला मागून कुणी येणार नव्हतं.

ज्या वर्षी हा अहवाल आला त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप मेडोज टेलर यांची ठगांवरची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि प्रचंड गाजली. टेलर निजामाच्या नोकरीत होते, पुढे काही वर्षं त्यांचा मुक्काम नळदुर्गला होता. त्यांच्या कादंबरीतला अमीर अली लहानपणी ठगांच्या हाती सापडतो. आईबापांना ठार करणारा ठगच त्याला मुलगा म्हणून वाढवतो. पळवलेलं मूल पळवणाऱ्यालाच बाप म्हणतं, ही कल्पना इंग्रज वाचकाच्या मनात घर करून बसली, आणि हिंदुस्थानातला प्रत्येक फिरता माणूस त्याला संशयित दिसू लागला.

देशी माणसाचा संशय मात्र उलट्या दिशेने गेला. त्याला मुलं पळवणारा दिसला तो साहेब.

मोमियाई हे एक औषध होतं. इराणच्या डोंगरांतून मिळणारं डांबरासारखं काळं द्रव्य, जखमेवर आणि मोडक्या हाडावर गुणकारी मानलेलं. लोकांच्या बोलण्यात त्याची कृती बदलली. काळंसावळं, अंगाने भरलेलं पोर पळवून न्यायचं, उलटं टांगायचं, खाली विस्तव पेटवायचा आणि डोक्यातून थेंब थेंब ठिबकेल ती मोमियाई. हे काम सरकारच्या हुकमाने एक साहेब करतो. उत्तर हिंदुस्थानात सनदी नोकरीत असलेल्या विल्यम क्रुक यांनी लोकसमजुतींवरच्या आपल्या ग्रंथात या मोमियाईवाल्या साहेबाची नोंद केली आहे. मोठ्या पुलाचा पाया घालायला मुलांची मुंडकी लागतात, ही अफवा तर आगगाडीच्या रुळांबरोबर देशभर धावली. नदीत विहिरी खोदून खांब बसवायला लागले की आसपासच्या गावांत आया पोरांना दाराबाहेर सोडत नसत. महाराष्ट्रात अगदी परवापरवापर्यंत धरणाच्या आणि पुलाच्या कामावर ही कुजबुज ऐकू येई.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मोमियाई इस्पितळाच्या दारात येऊन बसली. घरात घुसून माणसं तपासली जात होती, रोगी म्हणून उचलून नेलेलं माणूस बहुधा परत येत नव्हतं. आत नेऊन मारतात, तेल काढतात, असं चाळीचाळीत बोललं जाऊ लागलं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेला. अफवा खोटी होती. पण तिच्यात एक खरा सल होता: आमच्या माणसांना तुम्ही आमच्या डोळ्यांदेखत नेता आणि कुठे नेता ते सांगत नाही.

मुलं नेणारा कोण, या प्रश्नाला असे दोन जबाब तयार झाले. सरकार म्हणे, भटके. रयत म्हणे, सरकार. पण कायदा करणं सरकारच्या हाती होतं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढच्या काही दशकांत तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. १९०८ च्या सुमारास मुंबई पोलिसांतले अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाड पुस्तक काढलं. कोणती जमात कसे कपडे घालते, कुठे मुक्काम करते, कोणत्या मिषाने गावात शिरते, असं सगळं त्यात जमातवार मांडलेलं. पोलिसाने माणसाकडे पाहायच्या आधी त्याची जात पाहावी, अशी ती शिकवण होती. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन भटके-विमुक्त आजही पाळतात.

पण त्यानंतर सातच वर्षांनी, १९५९ साली, दोन कायदे पाठोपाठ आले. केंद्राने दंड विधानात कलम ३६३-अ घातलं: भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवणं, आणि त्यासाठी मुलाला अपंग केलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. त्यातच एक तरतूद अशी की, कायदेशीर पालक नसलेला माणूस मुलाला भिकेला लावत असेल तर त्याने ते पळवलंच आहे असं न्यायालयाने धरून चालावं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. त्याच वर्षी मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं यांसाठी पैसे घेणं हीसुद्धा भीक ठरली. वासुदेव, जोशी, बहुरूपी, डवरी गोसावी, डोंबारी यांचं पिढीजात जगणं एका व्याख्येत गुन्हा होऊन बसलं. पुतण्याला बरोबर घेऊन दारोदार फिरणारा माणूस आता दोन्ही कायद्यांच्या कात्रीत होता.

आणि मग, नव्वदच्या दशकात, महाराष्ट्रात खरोखरच मुलं पळवणारी टोळी निघाली.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. गर्दीत खिसे कापायचे, गळ्यातली साखळी ओढायची, हा त्यांचा धंदा. जत्रा, देवळं, बसस्थानकं ही त्यांची ठिकाणं. एकदा देवळाच्या गर्दीत रेणुका चोरी करताना सापडली तेव्हा तिच्या कडेवर तिचं स्वतःचं तान्हं मूल होतं. लेकुरवाळी बाई चोरी कशी करील, असं म्हणून लोकांनी तिला सोडून दिलं. पुढच्या सगळ्या भीषण गोष्टी त्या एका क्षणातून निघाल्या. कडेवर मूल असेल तर कुणी संशय घेत नाही, आणि घेतलाच तर मूल पुढे करता येतं, हे त्या बायकांनी हेरलं. आपलं मूल धोक्यात घालण्यापेक्षा दुसऱ्याचं बरं.

१९९० मध्ये कोल्हापुरात त्यांनी एका भीक मागणाऱ्या बाईचं साधारण वर्षाचं मूल उचललं. काही महिन्यांनी महालक्ष्मीच्या देवळात सीमाला खिसा कापताना एकाने पकडलं. गर्दी जमू लागली. अंजनाबाईने कडेवरचं ते मूल जमिनीवर आपटलं. मुलाच्या डोक्यातून रक्त वाहू लागलं, सगळ्यांचे डोळे तिकडे वळले, आणि तिघी निसटल्या. जखमी मूल आता कामाचं उरलं नव्हतं. त्याच शहरात त्यांनी त्याला संपवलं.

१९९६ पर्यंत हे चाललं. पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक, कोल्हापूर. गावं बदलत गेली. तेरा मुलांचं अपहरण न्यायालयात शाबीत झालं, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकलेले खून पाच. सापडल्या त्याही एका वेगळ्याच धाग्याने. अंजनाबाईच्या नवऱ्याने तिला सोडून दुसरं लग्न केलं होतं. त्या दुसऱ्या संसारातली मुलगी नाहीशी झाली. तिच्या आईला संशय नेमका कुणावर घ्यायचा ते ठाऊक होतं, आणि तिने तक्रार लावून धरली. १९९६ च्या अखेरीस अटक झाली, रेणुकेचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार बनला, आणि सहा वर्षांचा सगळा प्रवास उलगडला. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच १९९७ मध्ये तुरुंगात मेली. मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१४ मध्ये. इतका विलंब झाल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली.

या खटल्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले, आणि ते बहुतेक सगळे त्या तीन बायकांच्या क्रौर्यावर होते. त्याहून मोठा प्रश्न बाजूला राहिला. भरवस्तीत सहा वर्षं मुलं नाहीशी होत होती, मग हे तेव्हाच का कळलं नाही? उत्तर त्या पहिल्या मुलातच आहे. देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या बाईचं मूल गेलं तर ती कुठल्या ठाण्यात जाणार, तिचं कोण लिहून घेणार, आणि लिहून घेतलं तरी कोल्हापूरची नोंद कल्याणच्या नोंदीशी कोण ताडून पाहणार? टोळी पकडली गेली ती ओळखीच्या घरातलं मूल नेलं तेव्हा. अनोळखी गरिबांच्या मुलांमुळे तिला काहीच धोका नव्हता.

आणखी एक गोष्ट. झोळीवाला गोसावी या कहाणीत कुठेच नाही. या बायका एस.टी.च्या बाकावर आपल्या शेजारी बसलेल्या चारचौघींसारख्या दिसत होत्या. मांडीवर मूल असल्यामुळे त्या अधिकच आपल्या वाटत होत्या.

हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि मूल पळवलं गेलं आहे असं आधी धरून तपास सुरू केला पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १० मे २०१३ रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर. तोवर ‘मिसिंग’ची नुसती नोंद करून वाट पाहण्याची रीत होती. येईल घरी, नातेवाइकांकडे बघा. तान्हं मूल आपल्या पायांनी कुठे जात नाही, एवढं उघड असूनही.

दरम्यान बाळंतपणाची जागाच बदलली होती. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचलं. यात असंख्य आया आणि मुलं वाचली, ही फार मोठी कमाई आहे. पण पाचवीच्या रात्री जागणाऱ्या चार बायका मागे गावी राहिल्या. सरकारी प्रसूतिकक्षात एका ओळीत वीस खाटा, खाटेखाली पिशव्या, भेटीच्या वेळी माणसांची रीघ, आणि रात्रपाळीला मोजक्या परिचारिका. बाळ पळवणारी बाई इथे झोळी घेऊन येत नाही. ती दोन दिवस येऊन-जाऊन असते, शेजारच्या खाटेवर बसते, चहा आणून देते, कुठल्या गावच्या तुम्ही म्हणून विचारते. बाळंतिणीला ग्लानी आलेली, सोबतची सासू औषधाच्या रांगेत. ‘बाळाचं वजन करून आणते हो, तुम्ही पडा जरा.’ हे वाक्य थोड्याफार फरकाने अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा येतं. कधी ती स्वतः मूल नसण्याच्या छळाने सासरी खोटं गरोदरपण निभावत आलेली असते, कधी कुणाचा सौदा आधीच ठरलेला असतो. बाळाच्या पायाला आणि आईच्या मनगटाला एकाच क्रमांकाची पट्टी, पावलांचे ठसे, दारावर कॅमेरा आणि पहारा हे उपाय एकेका चोरीनंतर आले.

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत सांगितलं: ज्या इस्पितळातून नवजात बाळ चोरीला जाईल त्याचा परवाना सर्वांत आधी निलंबित करा, आणि असे खटले सहा महिन्यांत निकाली काढा. पण ज्या प्रकरणात हा निकाल आला ते इस्पितळातलं नव्हतंच. ते वाराणसीचं होतं. रात्री रस्त्याकडेला आईबापांच्या कुशीत झोपलेली मुलं तिथून उचलली गेली होती आणि मूल हव्या असलेल्या घरांना विकली गेली होती. स्लीमनच्या अहवालाला तोवर १८६ वर्षं झाली होती. बाजार कायद्याने बंद झाला, तरी मूल उचललं जात होतं ते त्याच रस्त्यावरून.

या सगळ्यातून जायचं ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावात आठवडे बाजार भरलेला. पाच जण एस.टी.तून उतरले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. डौर वाजवत, भैरवनाथाची, गोरखनाथाची, भर्तरीची गाणी गात भिक्षा मागणं हा या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा मार्ग, आणि त्यासाठी राज्यभर फिरणंही तितकंच जुनं. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या आईने त्यांना पीठ वाढलं असतं आणि पोराला त्यांचा धाक घातला असता. पण त्या आठवड्यात गावाच्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात, एवढीच. ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. मूळ चित्रफितीत पुढे ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. तिच्यासोबत मेलेल्या लहान मुलांचे फोटो फिरत होते, ते सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले होते. कराची आणि सीरिया इथे एकत्र येऊन ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ असं मराठीत सांगत होते.

पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असं बाजारात पसरलं. तेवढं पुरलं. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडलं आणि बंद खोलीत मरेपर्यंत मारलं. पिंपळनेरहून आलेले पोलीस संख्येने तोकडे पडले. पाचही जण गेले.

ग्रामपंचायतीची ती खोली म्हणजे टेबल, खुर्च्या, भिंतीवर फोटो, दाखल्यांच्या फायली. गावातल्या जन्माची नोंद अशाच खोलीत होते. महाराष्ट्रभरच्या भटक्या समाजात त्या दिवसापासून जे भय शिरलं ते अजून निघालेलं नाही. ज्यांची मुलं देवळाच्या पायरीवरून आणि रस्त्याच्या कडेवरून चोरीला जातात, त्या थरातली ही माणसं. आणि मुलं चोरल्याच्या नुसत्या वहिमावरून मारली गेली तीही त्याच थरातली. मुलं पळवण्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात यापेक्षा मोठा अन्याय दुसरा नाही.

त्याच दिवशी, मालेगावात, दोन वर्षांच्या मुलाला घेऊन फिरणारं पाच जणांचं एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं. तिथे पोलिसांनी मार खाल्ला, पण त्यांना वाचवलं. त्या मुलाचे आईबाप बरोबर होते. लोकांना मूल दिसलं, आईबाप दिसले नाहीत.

राईनपाड्यानंतर केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपला जाब विचारला. कंपनीने १० जुलैला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आणि त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर आदेश दिले. तरी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले. त्या भागात कितीतरी दिवस रात्री चोर आणि मुलं पळवणारे फिरतात अशी आवई होती, आणि गावं काठ्या घेऊन पहारे देत होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावाजवळ, उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. मुलं पळवणारे म्हणून त्यांना गाडीतून ओढून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. कागदपत्रं तपासल्यावर ते खरेच साधू असल्याचं पोलिसांना कळलं. साधूंनी कुणाविरुद्धही तक्रार दिली नाही. पोलिसांनी आपणहून गुन्हा नोंदवला, आणि साधू पुढच्या वाटेला लागले. पुढचा रस्ता कुठला, एवढंच त्यांनी वाटेत भेटलेल्या एका मुलाला विचारलं होतं.